नवतप्यात टिकणारा संगणक

संगणकाच्या सुट्या भागांची जी परीक्षणं आपण वाचतो, त्यांतले तापमानाचे आकडे बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेले असतात. बडनेऱ्यात मे महिन्यात तशी खोली एसीशिवाय मिळत नाही. अमरावती-अकोल्याचा पारा या दिवसांत ४३-४४ अंशांवर असतो, एखाद्या वर्षी ४५ ओलांडतो, आणि नवतपा लागला की दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. अशा खोलीत काहींचे संगणक तासन्‌तास पूर्ण भारावर चालतात. कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतं, कुणी इमारतींची त्रिमितीय चित्रं रेंडर करतं, तर राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालयाजवळ खोली घेऊन राहणारा एखादा विद्यार्थी रात्रभर मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट चालवत असतो. या सगळ्यांच्या मनात कधी ना कधी येतंच, की कॅबिनेट कापून आत पाण्याची व्यवस्था बसवली तर?

बसवता येते. हाताला पान्या-ड्रिलची थोडी सवय असेल तर घरीच बसवता येते आणि वर्षानुवर्षं चांगली चालते. मात्र सगळा हिशेब मे महिन्यातली दुपार धरून मांडावा लागतो. पुण्याच्या हवेत पुरेशी ठरणारी मांडणी इथे कमी पडते आणि एक-दोन बाबतींत चक्क धोक्याची ठरते.

आधी उष्णतेकडे पाहू. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. उदाहरणादाखल मधल्या ताकदीचं एक यंत्र घेऊ. त्यात रायझन ७ ७७००एक्स हा प्रोसेसर आहे, जो पूर्ण भारावर सुमारे १४० वॉट घेतो, आणि आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड आहे, जे २०० वॉट घेतं. दोन्ही मिळून ३४० वॉट. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत तापू शकतो. त्या मर्यादेला टेकला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. यंत्र बंद पडत नाही, काम तेवढं रेंगाळतं, आणि मालकाला वाटतं की संगणक जुना झाला.

पाणी या उष्णतेचं काय करतं? ते ती वाहून नेतं, एवढंच. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून बोटाएवढ्या नळीतून संथपणे फिरणारं पाणी नखाएवढ्या चिपची सगळी उष्णता उचलतं आणि कॅबिनेटच्या कडेला लावलेल्या मोठ्या रेडिएटरपर्यंत पोचवतं. तिथे मात्र ती पुन्हा हवेलाच द्यायची असते. रेडिएटरवर पंखे खोलीतली हवा फेकतात, आणि पाणी त्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. खोली ४२ अंशांवर असेल तर पाणी ४२ च्या वरच राहणार. बाजारातली कुठलीही महागडी वस्तू हा नियम मोडत नाही. वऱ्हाडात वॉटर कूलिंग करणाऱ्याने हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच निर्णय आपोआप बरोबर होतात.

इथे साहजिकच घरातला कूलर आठवतो. तोही पाण्यावरच चालतो, मग तो ४३ अंशांची हवा २८ वर कशी आणतो? कारण कूलरमध्ये पाण्याची वाफ होते. ताट्यांवरून ओघळणारं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेतं. आपल्याकडे मे महिन्यात हवेत आर्द्रता १५-२० टक्क्यांवर येते, त्यामुळे वाफ झपाट्याने होते. ४३ अंशांच्या अशा कोरड्या हवेत ओल्या ताटीचं तापमान २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. संगणकातलं पाणी बंद नळ्यांत असतं, त्याची वाफ होत नाही, म्हणून त्याला ही सवलत नाही. पण खोलीत कूलर चालू असेल तर रेडिएटरला मिळणारी हवाच २८-३० अंशांची होते, आणि संगणकातल्या कुठल्याही सुट्या भागापेक्षा हा फायदा मोठा आहे. जूनमध्ये पाऊस आला की हवा दमट होते आणि कूलरचा जोर संपतो. तोवर बाहेरचं तापमानही उतरलेलं असतं, त्यामुळे बेरीज-वजाबाकी साधारण जुळते.

आता बसवायच्या वस्तू. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर एकेक वॉटर ब्लॉक बसतो. त्याचा तळ तांब्याचा, बहुधा निकेलचा मुलामा दिलेला. आतल्या बाजूला तांब्यातच कोरलेल्या बारीक पात्या असतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर. पाणी त्या फटींतून जोराने जातं आणि तांब्याची उष्णता घेतं. पुढे नळ्या, प्रत्येक टोकाला घट्ट बसणारं कॉम्प्रेशन फिटिंग, पंप, पंपाला पाणी पुरवणारी छोटी टाकी आणि रेडिएटर. बस्स, एवढंच. पाण्याच्या अशा बंद फेरीला लूप म्हणतात; सामान्य लूपमध्ये लिटरभर किंवा त्याहून थोडं कमीच पाणी मावतं.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावं की आधी ग्राफिक्स कार्डाकडे, यावर हौशी मंडळी फार वाद घालतात. हिशेब केला तर वाद उरत नाही. पंप मिनिटाला चार लिटर पाणी फिरवत असेल तर ३४० वॉट घेऊनही पाणी एका फेरीत सव्वा अंशानेच तापतं. लूपमध्ये सगळीकडे पाणी जवळजवळ एकाच तापमानाचं असतं. म्हणून नळ्यांची वाट सर्वात सोपी आणि आखूड होईल तसा क्रम ठेवावा. क्रमाचा एकच नियम खरा आहे: टाकी पंपाच्या वर आणि लगेच आधी हवी, म्हणजे पंपाला पाणी कधी कमी पडत नाही. पंपाचं बेअरिंग त्याच पाण्याने ओलं राहतं. कोरडा फिरवला तर तो मिनिटा-दोन मिनिटांत खराब होऊ शकतो.

खरा विचार रेडिएटरच्या मापाचा करायचा. हौशी लोकांत एक ढोबळ नियम रूढ आहे: १२० मिलिमीटरच्या प्रत्येक पंख्यामागे शंभर वॉट, आणि त्यात पाणी हवेपेक्षा दहाएक अंशांनी गरम राहतं. तीन पंख्यांचा, म्हणजे ३६० मापाचा एक रेडिएटर आपल्या ३४० वॉटना लावला तर पाणी हवेच्या ११-१२ अंश वर जाईल. पंचवीस अंशांच्या खोलीत ते ३७ होतं, अगदी आरामात. बेचाळीस अंशांच्या खोलीत तेच पाणी ५४ वर पोचतं. त्यावर प्रोसेसर पाण्यापेक्षा आणखी सुमारे ४० अंश गरम असतो, कारण त्याची उष्णता सत्तरेक चौरस मिलिमीटरच्या चिपमधून बाहेर पडते आणि तेवढ्याशा जागेतून ती पाण्यापर्यंत येताना बराच फरक पडतो. ५४ आणि ४० म्हणजे ९४, मर्यादा ९५. एवढा खर्च करून आपण काठावरच उभे.

म्हणून बडनेऱ्यात रेडिएटर दुप्पट धरावा. असे दोन बसवले की पाणी हवेच्या सहा अंशच वर राहतं, प्रोसेसर ८८ वर थांबतो, आणि कूलर चालू असेल तर ७५-७६ वर. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. पाण्याचा खरा लाभ प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डाला होतो. त्याची चिप जवळजवळ तीनशे चौरस मिलिमीटरची, उष्णता पसरून बाहेर येते, त्यामुळे ती पाण्यापेक्षा १२-१५ अंशच वर असते. हवेवर चालणारं जे कार्ड मे महिन्यात ऐंशीच्या पुढे जाऊन पंख्यांचा गोंगाट करतं, ते पाण्यावर साठीत शांत बसतं. फक्त प्रोसेसरसाठी एवढा खटाटोप करणाऱ्याला मी आधी बायोसमध्ये जाऊन इको मोड लावायला सांगेन. १४० वॉटचे ८८ होतात, वेग थोडासाच घटतो, खर्च शून्य. त्यानंतरही गरज वाटली तरच पुढे जावं.

पाणी ५४ अंशांवर जाण्यात दुसराही धोका आहे, आणि तो माहितीपत्रकांत बारीक अक्षरांत असतो. लोकप्रिय डी५ पंपाला ६० अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. काचेसारख्या दिसणाऱ्या ज्या कडक नळ्या आज फॅशनमध्ये आहेत, त्यांतल्या पीईटीजीच्या नळ्या साठीच्या आसपास मऊ पडू लागतात. फिटिंगच्या रबरी कड्याखाली त्या किंचित दबल्या की नळी निसटते. थंड देशांत हा प्रश्न सहसा येत नाही. आपल्याकडे दुपारी लाइट गेली, कूलर थांबला आणि संगणक इन्व्हर्टरवर चालूच राहिला, तर अर्ध्या तासात परिस्थिती तिथवर जाऊ शकते. कडक नळ्याच हव्या असतील तर ॲक्रिलिकच्या घ्याव्यात, त्या जास्त उष्णता सोसतात. माझं स्पष्ट मत मात्र काळ्या ईपीडीएम रबराच्या बाजूने आहे. मोटारीच्या रेडिएटरला जोडणारे पाइप याच जातीच्या रबराचे असतात. दिसायला साधे, पण उष्णतेने त्यांना काही होत नाही आणि त्यांत शेवाळ्याला उजेड मिळत नाही.

धातूंच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळायचं. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांबं-पितळेचाच हवा. स्वस्तातले ॲल्युमिनियमचे रेडिएटर तांब्याबरोबर एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजत जातं, त्याचा पांढरा गाळ ब्लॉकच्या फटींत बसतो आणि शेवटी रेडिएटरलाच भोक पडतं. पात्यांची दाटीही पाहावी. इंचाला तीस पात्यांचे दाट रेडिएटर येतात आणि सोळाच्या आसपासचे विरळही येतात. आपल्याकडे धूळ असते, कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास हवेत रुईचे तंतू असतात. दाट पात्यांवर महिन्या-दोन महिन्यांत त्यांची गादी बसते. विरळ पात्यांचा, जाड रेडिएटर घ्यावा आणि त्याच्यापुढे काढून धुता येईल अशी जाळी लावावी.

कूलरचा टुल्लू पंप संगणकात वापरावा का, असा प्रश्न इथे हमखास येतो. वापरू नये. तो २३० व्होल्टवर चालतो, पाण्यात बुडवून ठेवण्यासाठी केलेला असतो, आणि ब्लॉकच्या बारीक फटींतून पाणी रेटण्याइतका दाब तो देत नाही. संगणकाचा पंप एसएमपीएसच्या १२ व्होल्टवर चालतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या हौशी लोकांनी मत्स्यालयाचे पंप आणि मोटारीच्या हीटरचे रेडिएटर जोडून हा छंद सुरू केला, तेव्हा तयार वस्तू मिळतच नव्हत्या. आता त्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवता येतात.

तसं पाहिलं तर पाण्याने संगणक थंड करणं ही या हौशी लोकांच्याही आधीची गोष्ट आहे. आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतलं मॉडेल ९१ हे १९६० च्या दशकातलं यंत्र पाण्यानेच थंड होत असे. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचे सर्किट बोर्ड तर वीज न वाहणाऱ्या द्रवात पूर्ण बुडवलेले होते. बडनेऱ्याहून अकोल्याकडे गाडी निघाली की मूर्तिजापूर लागतं; भारताचा पहिला महासंगणक परम ८००० ज्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकमध्ये उभा राहिला, ते विजय भटकर याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. त्याच परम मालिकेतला पुण्याच्या आयसर संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणक पाण्यावर थंड होतो, म्हणजे तिथेही चिपवर ब्लॉक बसतो आणि नळ्यांतून द्रव फिरतो. मोठ्या यंत्रांना जे हवेने जमलं नाही, त्यासाठी त्यांनी पाणी घेतलं. आपल्या टेबलाखालच्या खोक्याला तीच अडचण उन्हाळ्यामुळे येते.

आता कॅबिनेट. तीनशे साठचे दोन रेडिएटर आत मावतील अशी मोठी कॅबिनेट तयार मिळतात, पण बहुतेकांकडे असतं ते साधं, एका पंख्याची जागा असलेलं. ते कापून घेणं अवघड नाही. पत्रा असतो पाऊण ते एक मिलिमीटर जाडीचा. तीनशे साठचा रेडिएटर सुमारे चारशे मिलिमीटर लांब आणि १२० रुंद असतो. त्यावर पंख्याची २५ मिलिमीटर जाडी धरायची. वरच्या पत्र्याखाली मदरबोर्डची कड, रॅमच्या पट्ट्या आणि वायरी यांना धरून किती जागा उरते ते आधी मोजायचं. पुठ्ठ्याचा, रेडिएटर-पंख्याच्या मापाचा ठोकळा करून आत बसवून पाहणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

कापायच्या आधी सगळं बाहेर काढायचं. मदरबोर्ड, एसएमपीएस, डिस्क, वायरी, सगळं. लोखंडाचा कीस इतका बारीक असतो की तो दिसतही नाही, आणि त्याचा एक कण मदरबोर्डवरच्या दोन टाक्यांच्या मध्ये बसला की काम संपलं. पत्र्यावर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप चिकटवायची आणि आखणी टेपवर करायची. रेघ स्पष्ट दिसते आणि रंग ओरखडत नाही. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधलं अंतर १०५ मिलिमीटर असतं, हे माप पक्कं. प्रत्येक पंख्यासाठी सुमारे ११५ मिलिमीटर व्यासाचं गोल भोक पाडता येतं, किंवा तिन्ही मिळून एक लांबट खिडकी कापता येते. खिडकी कापली तर हवा मोकळी जाते, पण पत्रा ढिला पडतो; चारही कडांना किमान बोटभर पत्रा ठेवावा.

गोल भोकासाठी होल सॉ, सरळ रेषेसाठी जिगसॉ किंवा पातळ चकतीचा ग्राइंडर. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी रंग जळतो, म्हणून शेवटचे दोन मिलिमीटर कानशीने घासून आणावेत. डोळ्यांवर गॉगल आणि हातात मोजे, हे सांगायची गरज पडू नये, पण सांगतो. हे काम स्वतः करायचं नसेल तर कूलरची बॉडी बनवणाऱ्या कारागिराकडे जावं. वऱ्हाडात गावोगावी जीआय पत्रा कापून, वाकवून, रिव्हेट मारून कूलर बनवणारे लोक आहेत. अशी लांबट खिडकी सरळ कापणं त्यांच्या रोजच्या हातखंड्यातलं काम आहे. हिवाळ्यात गेलात तर सवडीने आणि जास्त नीट करून देतात. कापलेल्या कडेला लगेच प्रायमर आणि रंग लावायचा, कारण कूलरच्या दमट हवेत उघडं लोखंड आठवड्याभरात गंजतं. कडेवर रबराची यू आकाराची पट्टी बसवली की वायरी कापल्या जात नाहीत.

रेडिएटर बसवताना स्क्रूची लांबी तपासल्याशिवाय एकही स्क्रू पिळू नये. पंखा २५ मिलिमीटरचा असतो आणि स्क्रू ३० चा. पंखा मध्ये न घेता तोच स्क्रू सरळ पत्र्यातून रेडिएटरमध्ये घातला तर तो आतल्या पाण्याच्या नळीला भोक पाडतो. नव्या रेडिएटरमध्ये कारखान्यातल्या डाखाचे कण राहिलेले असतात. गरम पाण्याने तो हलवून हलवून धुवायचा, पाणी पांढऱ्या कपड्यातून गाळून पाहायचं, कण येणं थांबेपर्यंत. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने.

हवेची दिशाही आधीच ठरवावी. मिनिटाला एक घनमीटर हवा जर एका अंशाने तापली, तर ती सुमारे १८ वॉट घेऊन जाते. पुढच्या रेडिएटरमधून आत येणारी हवा तिथेच तीनेक अंशांनी तापते. तीच हवा वरच्या रेडिएटरला दिली तर त्याचं काम अर्धवट होतं. म्हणून शक्य असेल तर दोन्ही रेडिएटरना बाहेरची ताजी हवा मिळावी आणि गरम हवा मागच्या मोकळ्या जाळीतून बाहेर जावी. कॅबिनेट कूलरच्या अगदी समोर ठेवू नये. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात, त्यांतला क्षार पात्यांवर आणि बोर्डांवर बसतो. कूलरच्या एका बाजूला, चार-पाच फुटांवर, तिरक्या झोतात ठेवलेलं कॅबिनेट बरं.

कूलरच्या टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवून त्यातून संगणकाचं पाणी फिरवावं, ही कल्पना वऱ्हाडातल्या माणसाला सुचणारच. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती उत्तम आहे. टाकीतलं पाणी मे महिन्यात २४-२५ अंशांवर असतं, संगणकाच्या ३४० वॉटसाठी तासाला जेमतेम अर्धा लिटर पाणी जास्त उडेल, आणि हवेपेक्षा थंड पाणी मिळेल. तरीही मी ती करू नका असं सांगतो, आणि कारण विजेचं आहे. कूलरच्या पत्र्याच्या बॉडीत वीज उतरून शॉक लागल्याच्या बातम्या उन्हाळ्यात आपण वाचतो. त्या ओल्या, २३० व्होल्टच्या वस्तूला संगणकाच्या धातूशी तांब्याने जोडणं म्हणजे तो धोका टेबलावर आणणं. घरात खरं अर्थिंग आणि गळती पकडणारा ब्रेकर नसेल तर साध्या संगणकासाठीही तो आधी बसवून घ्यावा.

पाणी कोणतं घालायचं? नळाचं नाही, बोअरचं तर मुळीच नाही. बडनेऱ्याला लागूनच असलेल्या भातकुली तालुक्यापासून दर्यापूर आणि अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या जमिनीखालच्या पाण्यात क्षार भरपूर. अप्पर वर्धा धरणातून येणारं नळाचं पाणी पिण्याजोगं असलं तरी तेही गरम होऊन अर्ध्या मिलिमीटरच्या फटींत फिरायला योग्य नाही. घरच्या आरओमधून क्षार कमी होतात, संपत नाहीत. खात्रीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर घ्यावं आणि त्यात गंज व शेवाळं रोखणारं, याच कामासाठी मिळणारं औषध सांगितलेल्या प्रमाणात घालावं. दुधट, चमकदार रंगांचे द्रव छायाचित्रात छान दिसतात, पण त्यांतले कण काही महिन्यांत ब्लॉकमध्ये साचतात. शुद्ध पाणी वीज वाहत नाही म्हणून गळालं तरी चालेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये. धातूतून फिरताना पाणी काही दिवसांतच वाहक होतं.

भरताना मदरबोर्डची आणि ग्राफिक्स कार्डाची वीज तोडलेली असावी. फक्त पंप एसएमपीएसला जोडायचा आणि एसएमपीएसच्या २४ पिनांच्या तोंडावर तयार मिळणारं जंपर लावायचं, म्हणजे तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. टाकी भरायची, पंप पाच-सात सेकंद चालवायचा, पातळी खाली गेली की थांबवून पुन्हा भरायची. हवा निघावी म्हणून कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे तिरकं करायचं. रेडिएटरच्या कोपऱ्यांत अडकलेले बुडबुडे असेच निघतात. मग प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून पंप २४ तास चालू ठेवायचा. हवेच्या दाबाने तपासायचा छोटा पंप मिळतो, तो असेल तर पाणी भरण्याआधीच दाब किती टिकतो ते पाहता येतं. एकही ठिपका ओला दिसला तर जोड उघडून रबरी कडं तपासायचं. चोवीस तास कोरडे गेले की मगच संगणकाची वीज जोडायची. लूपच्या सगळ्यात खालच्या बिंदूला एक छोटा नळ बसवलेला असेल तर पुढच्या प्रत्येक वेळी पाणी काढणं पाच मिनिटांचं काम होतं. या एका फिटिंगवर काटकसर करू नये.

टाकीत बर्फ घालायचा मोहही टाळावा. खोलीत कूलर चालू असताना हवा ओलसर असते. नळ्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड झाल्या की त्यांच्यावर बाहेरून पाणी सुटतं आणि थेट बोर्डावर टपकतं. खोलीच्या तापमानाच्या वर राहणाऱ्या साध्या लूपमध्ये हे कधीच घडत नाही.

पाण्यात एक तापमापक सेन्सर बसवावा आणि पंखे प्रोसेसरच्या तापमानावर न चालवता पाण्याच्या तापमानावर चालवावेत. प्रोसेसर सेकंदात वीस अंश वर-खाली होतो, पाणी हळूहळू तापतं. पंख्यांची घरघर थांबते. पाण्याचं तापमान ५५ ला पोचलं की संगणक स्वतःहून बंद होईल, अशी सूचना बऱ्याच मदरबोर्डवर किंवा वेगळ्या नियंत्रकावर देता येते. लाइट गेल्यावर कूलर थांबलेल्या खोलीत यंत्र वाचतं ते यामुळे.

होळीच्या सुमारास घरोघरी कूलर खाली काढून धुतले जातात, ताट्या बदलल्या जातात. लूपचं पाणी बदलायची आणि पात्यांवरची धूळ ब्लोअरने काढायची वेळ तीच ठेवावी. मध्ये कधीतरी टाकीतली पातळी थोडी उतरलेली दिसेल. नळ्यांच्या भिंतींतून पाणी अगदी सावकाश उडत असतं, उन्हाळ्यात जरा जास्त. तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालायचं.

आणि पहिल्याच उन्हाळ्यात, सगळं नवं असताना, एका ठरावीक कामावर तीन तापमानं लिहून ठेवायची: खोलीच्या हवेचं, पाण्याचं, प्रोसेसरचं. नुसता प्रोसेसरचा आकडा काहीच सांगत नाही, कारण तो बाहेरच्या उन्हाबरोबर बदलतो. त्यांतले फरक सांगतात. त्याच कामावर पाणी हवेपेक्षा आधी सहा अंश वर होतं आणि आता दहा झालं असेल, तर रेडिएटर धुळीने बसला आहे किंवा एखादा पंखा थकला आहे. पाणी-हवेतलं अंतर तेवढंच आहे पण प्रोसेसर पाण्यापासून आणखी दूर गेला, तर ब्लॉकच्या फटींत गाळ आहे, थर्मल पेस्ट सुकली आहे किंवा पंप मंदावला आहे. अशा वेळी आधी पंपाचे फेरे पाहायचे, मग ब्लॉक उघडायचा.